पांढरीची खूण

आपल्या भाषेत गावाच्या जमिनीला दोन नावे आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, आमच्या वऱ्हाडी बोलीतले वावर. आणि पांढरी म्हणजे घरांची जमीन, गावठाण. ‘काळी आई’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. तिच्या जोडीची पांढरी मात्र हळूहळू विस्मरणात चालली आहे. वास्तविक गाव वसवणाऱ्या आपल्या पूर्वजांना दोहींची पारख सारखीच होती. जेथे पीक डोलते तेथे घर बांधू नये आणि जेथे घर टिकते तेथे नांगर घालू नये, असा त्यांचा साधा विवेक होता. पाण्यासाठी त्यांनी नदीचा शेजार पत्करला, पण उंबरठा मात्र नदीपासून उंचावर घातला. वर्धा जिल्ह्यातील नदीकाठच्या पुष्कळशा जुन्या गावांत शिरताना रस्ता किंचित चढत जातो. पायी चालणाऱ्याच्या तो चढ लक्षातही येत नाही; परंतु भरलेली बंडी ओढणाऱ्या बैलांना तो बरोबर कळतो. हा चढ म्हणजे आपल्या पूर्वजांनी पुराविषयी लिहून ठेवलेला एक धडाच होय. अक्षरे नसल्यामुळे तो वाचावयास आपण विसरलो, एवढेच.

आमच्या जिल्ह्याला नावच मुळी नदीचे आहे. मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरात, सातपुड्याच्या अंगावर वर्धा उगम पावते आणि आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम व दक्षिण सीमेला वळसा घालून पुढे जाते. पलीकडच्या काठावर अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे. उत्तरेकडील डोंगरांतून निघालेली धाम पवनारच्या खडकांवरून वाहते. बोर सेलू तालुक्यातून येते. वणा हिंगणघाटला वेढा देते. या साऱ्यांचे पाणी शेवटी वर्धेच्याच पदरात पडते. उन्हाळ्यात या नद्यांकडे पाहिले तर त्यांची दया यावी. वाळूत खड्डे खणून बायका पाणी भरतात आणि मुले कोरड्या पात्रात खेळ मांडतात. वैशाखात जिला मूल सहज ओलांडून जाते, तीच नदी पुढे आषाढ-श्रावणात गाव गिळावयास उठते, यावर परक्या माणसाचा विश्वास बसणार नाही.

याचे कारण नदीत जितके आहे तितकेच आमच्या मातीतही आहे. काळी माती उन्हाळ्यात तापून भेगाळते. मृगाचा पहिला पाऊस या भेगा अधाशासारखा पितात. तेव्हा नदीपर्यंत फारसे पाणी पोचतच नाही. पण दोन-तीन आठवड्यांच्या झडीने माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन पाणी आत घेईनाशी होते. त्यानंतर पडलेला पाऊस धुऱ्यावरून नाल्यात आणि नाल्यातून नदीत धावत सुटतो. एक साधे गणित करून पाहावे. एक हेक्टर वावरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या एका वावरावर १० लाख लिटर पाणी उतरते. अशी हजारो हेक्टर जमीन एकाच रात्री आपले पाणी नदीच्या ओटीत टाकू लागली, तर नदीने ते ठेवावे कोठे? शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट न होता चौपट होतो. म्हणूनच गुडघाभर वाटणारे पाणीही धट्ट्याकट्ट्या माणसाचे पाय उचलते, आणि पुलावरून वाहणाऱ्या हातभर पाण्यात मोटारी वाहून जातात.

या वर्धेने १९९१ साली जे केले ते नदीकाठच्या माझ्या पिढीतील माणसे कधीही विसरणार नाहीत. आमच्या जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात, याच नदीच्या काठी मोवाड नावाचे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी आलेल्या महापुराने त्या गावात २०४ माणसांचे प्राण घेतले. मी तेव्हा वर्धेच्याच काठी, खालच्या अंगाच्या एका गावात शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. बातमी प्रथम एस. टी. तून उतरलेल्या प्रवाशांनी आणली. मग रेडिओने सांगितली. गावातल्या एका घरची लेक मोवाडकडे दिलेली होती. तिच्या आईने चार दिवस ओसरीवरून आत पाऊल टाकले नाही. येणाऱ्या प्रत्येक बसकडे ती पाहत बसे. पाचव्या दिवशी लेक सुखरूप असल्याचा निरोप आला, तेव्हा ती माउली हसली नाही की रडली नाही. उठून तिने चूल पेटवली. पुढे मोवाडचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घरे पुन्हा उभी राहिली. पण २०४ ही संख्या त्या गावाच्या नावाला कायमची चिकटली.

आमच्या शाळेच्या भिंतीवर तेव्हा एक रेघ होती. कोण्या जुन्या गुरुजींनी, फार वर्षांपूर्वी ओसरलेल्या एका पुराची पातळी डांबराने तेथे आखून ठेवली होती. शाळा गावाच्या खालच्या अंगाला असल्यामुळे ती रेघ मुलांच्या डोक्यावरून जाई. मुले तिच्याशी पाठ लावून आपली उंची मोजत. काही वर्षांनी मी मुख्याध्यापक झालो, त्या सुमारास शाळेच्या इमारतीची रंगरंगोटी निघाली. काम घेणाऱ्याने मोठ्या उत्साहाने सर्व भिंती पिवळ्या करून टाकल्या, आणि एका दुपारी मी तालुक्याहून परतलो तो रेघ नाहीशी झालेली. ‘साहेब, डाग होता, पुसला,’ असे त्याने अभिमानाने सांगितले. त्याला बोल लावण्यात काय अर्थ? खूण कशाची हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती डागच वाटणार.

पण खरी चिंता त्यापुढे सुरू झाली. पाणी नेमके कोठवर आले होते, हे मी गावात विचारू लागलो. एकाने मारुतीच्या पायरीपर्यंत सांगितले. दुसऱ्याने देवळाच्या कळसाला पाणी लागल्याचे शपथेवर सांगितले. तिसरा म्हणाला, ‘पूर-बीर काही नाही, नुसता गाळ आला होता.’ एकाच गावाच्या, एकाच घटनेच्या या तीन आठवणी! तेव्हा मला कळून आले की, पुराचे पाणी जसे ओसरते तशीच त्याची आठवणही ओसरते. आणि ती ओसरत असताना माणसे एकेक पाऊल नदीकडे सरकत जातात. आमच्या गावाची पांढरी जुनी होती. पण तिच्या खाली, नाल्याच्या कडेने, एक नवी वस्ती उभी राहिली होती. पाणी न आलेले प्रत्येक वर्ष त्या वस्तीत दोन-चार झोपड्यांची भर घालून जात होते.

२००९ च्या उन्हाळ्यापूर्वी आठवीच्या मुलामुलींना घेऊन मी ही हरवलेली रेघ शोधावयाचे ठरवले. मुले जोडीजोडीने घरोघर गेली आणि गावातील सर्वांत वयोवृद्ध माणसांना त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘पाणी कोठवर आले होते, ते हाताने दाखवाल का?’ तोंडाने सांगितलेल्या आठवणी एकमेकींशी भांडत होत्या. हाताने दाखवलेल्या खुणा मात्र एकमेकींशी जुळू लागल्या. नदीवर डोंगा चालवून ज्याचा जन्म गेला होता, अशा एका वृद्ध नावाड्याने मुलांना जुन्या कडुनिंबाखाली नेले आणि खोडाच्या बेचक्यावर काठी टेकवून तो म्हणाला, ‘इथं म्या डोंगा बांधला होता.’ एका आजीबाईंनी धान्याच्या कोठीवरील ओलाव्याचा डाग दाखवला. मग एका गवंड्याने आपली पारदर्शक नळी आम्हाला उसनी दिली. नळीत पाणी भरले की तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभे राहते. गवंडी याच युक्तीने भिंती समपातळीत आणतात. त्या नळीने मुलांनी कडुनिंबाच्या बेचक्याची पातळी मारुतीच्या पायरीवर आणली, पायरीची शाळेच्या भिंतीवर, आणि भिंतीवरची पुढे गल्लीगल्लीतून वस्तीवर नेली. प्रत्येक घराच्या भिंतीवर निळ्या खडूची एक आडवी रेघ उमटत गेली. जुन्या पांढरीतल्या घरांच्या उंबरठ्याखालून ती रेघ निघून गेली. खालच्या वस्तीत ती खिडक्यांच्या वरून गेली. काही झोपड्यांवर तर रेघ काढावयास भिंतच पुरली नाही. मुलांनी छपराच्या कवेलूंवर खूण केली.

काठीवर रेलून हे सारे पाहत असलेला तो वृद्ध नावाडी म्हणाला, ‘गुरुजी, नदी आपली वाट इसरत नाई. इसरते तो मानूस.’

सरकारनेही नद्यांच्या काठी अशा रेषा आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून सरासरीने एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. या ‘शंभर वर्षांतून एकदा’चा अर्थ पुष्कळांना नीट समजत नाही. एकदा पूर येऊन गेला की आता नव्व्याण्णव वर्षे निर्धास्त झोपावे, असा तो अर्थ नव्हे. फाशावर सहा पडले म्हणून पुढच्या डावात सहा पडणार नाही, असे थोडेच असते? प्रत्येक पावसाळ्यात त्या पुराची शक्यता शंभरात एक असते, आणि दर वर्षी फासा नव्याने पडतो. लाल रेषेवर बांधलेल्या घरात माणूस ३० वर्षे राहिला, तर त्या अवधीत असा पूर त्याच्या दारी येण्याची शक्यता चारात एक इतकी होते. आणि निळ्या रेषेवरच्या घरात २५ वर्षे काढली, तर न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता अधिक. मुलांनी हे गणित फळ्यावर स्वतः सोडवले. उत्तर आल्यावर वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. कारण वर्गातली कित्येक मुले त्याच रेघेखालच्या घरांतून आलेली होती.

त्या संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर सभा भरली. प्रथम नेहमीचेच आक्षेप निघाले. अशुभ बोलू नये. जे व्हायचे ते चुकत नाही. शाळेने शिकवावे, नसत्या उठाठेवी करू नयेत. या आक्षेपांना उत्तर देणे कठीण नव्हते. पण खालच्या वस्तीतली, मजुरीवर पोट भरणारी एक विधवा बाई उभी राहिली आणि तिने जे विचारले, त्याला आम्हांपैकी कोणाजवळही तयार उत्तर नव्हते. ती म्हणाली, ‘गुरुजी, वरतं जागा असती तं खाली कायले रायलो असतो?’

मला वाटते, आपत्तीविषयीचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे. नाल्याच्या काठी राहणारी माणसे अडाणी म्हणून तेथे राहत नाहीत. दुसरीकडे पाय ठेवावयास जागा नाही म्हणून राहतात. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, पण पूर सर्वांना सारखाच लागत नाही. ज्यांना पांढरीत घर मिळाले त्यांनी उंचावरून सावधगिरीचे उपदेश करावे, यात पुरुषार्थ नाही. म्हणून त्या सभेत पुष्कळ वादानंतर एक गोष्ट ठरली. रेघेखालच्या प्रत्येक घरासाठी रेघेवरचे एक घर नेमून द्यावयाचे. पाणी चढू लागले की कोणत्या घरातील माणसांनी कोणाच्या घरी जावयाचे, हे आधीच निश्चित असावे. म्हणजे त्या वेळी कोणाला दारोदार विचारत फिरावे लागू नये आणि कोणाला नकार देण्याची संधीही मिळू नये. मुले त्याला ‘आसऱ्याचे घर’ म्हणू लागली. काही घरांनी लगेच होकार दिला. काहींनी खाली पाहिले. एका घरधन्याने ओसरीपर्यंत येण्यास हरकत नसल्याचे सांगितले. ओसरीपुढे स्वयंपाकघर होते, आणि ‘ओसरीपर्यंत’ या शब्दाचा अर्थ सभेतल्या प्रत्येकाला कळला. मी तो शब्द यादीत तसाच लिहून घेतला.

यादी तयार झाली. तिची एक प्रत शाळेत, एक पंचायतीत आणि एक कोतवालाजवळ राहिली. कोणत्या घरात म्हातारे माणूस आहे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला आजारी आहे, कोठे तान्हे मूल आहे, हे तीत लिहिले होते. दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागले की मुले ती यादी पुन्हा तपासत. जन्म, मृत्यू, लग्न होऊन गेलेल्या लेकी, नव्याने आलेल्या सुना, सर्व नोंदी दुरुस्त होत. कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोठे ठेवावयाची आणि गुरांची दावी कोणी सोडावयाची, याचीही तालीम होई. चार वर्षे पाणी आले नाही. चौथ्या वर्षी काही पालक हसू लागले.

२०१३ च्या पावसाळ्यात विदर्भावर अतिवृष्टीचे संकट कोसळले. आमच्या गावी जुलैअखेरच्या एका संध्याकाळी तहसीलीतून इशारा आला; पाठोपाठ वीज गेली. दिवसभराच्या झडीने नाला भरून वाहत होता, आणि नदीच फुगल्यामुळे त्याचे पाणी पुढे न जाता मागे सरू लागले होते. कोतवालाने दवंडी दिली. मुलांच्या हातांत कंदील आणि यादी होती. सातवीतली एक मुलगी प्रत्येक दारापुढे उभी राहून नावे पुकारी आणि माणसे मोजी. संख्या जुळल्याखेरीज ती पुढच्या दाराशी जात नसे. सभेत प्रश्न विचारणारी ती बाई आपल्या दोन शेळ्या, पत्र्याची पेटी आणि नातवाला घेऊन चढ चढू लागली. तिचे आसऱ्याचे घर म्हणजे तेच ‘ओसरीपर्यंत’चे घर. घरधनी त्या रात्री परगावी होता. त्याच्या पत्नीने दार उघडले, ओल्याचिंब पोराकडे पाहिले आणि त्याला सरळ चुलीजवळ नेऊन बसवले. रात्रभर त्या एका चुलीवर दोन घरांच्या भाकरी भाजल्या गेल्या. त्यावर कोणी भाषण केले नाही. मुले भुकेली होती, त्यांनी भाकरी खाल्ल्या.

पहाटे पाणी मुलांच्या रेघेच्या वीतभर खाली येऊन थांबले. उजाडल्यावर पाहिले, तो खालच्या वस्तीतील मातीच्या भिंती बसून गेल्या होत्या. कणग्यांतले धान्य भिजून फुगले होते, आणि एका सालदाराची गाय गोठ्यातच मेली होती. कारण गडबडीत तिचे दावे सोडावयाचे राहिले होते. दावे सुटलेली बाकीची गुरे आपापल्या बुद्धीने उंचावर जाऊन उभी होती. यादीतले एकही नाव मात्र खोडावे लागले नाही. नुकसान पुष्कळ झाले होते. घरे पुन्हा बांधावयास महिने लागले, आणि ती बहुतेकांनी तेथेच बांधली. कारण त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर एका रात्रीच्या आसऱ्याने मिळत नाही. उंचावरची कायमची जागा हेच त्याचे उत्तर, आणि ते शोधणे हे सरकारचे व समाजाचे ऋण आहे. पण उत्तर सापडेपर्यंत माणसे जिवंत राहिली पाहिजेत, आणि ती राहिली.

पुराविषयी जे खरे, ते अन्य संकटांविषयीही खरे आहे. आमच्या भागात पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून वावरातली माणसे दगावतात. झाडाखाली आसरा घेण्याची सवय हे त्याचे एक मोठे कारण. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावे आणि त्यांना तिनाने भागावे. वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. ते सेकंद तीसहून कमी भरले, तर हातातले काम टाकून पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ या मोबाइलवरील साधनाने विजेची पूर्वसूचनाही मिळते. तीच गोष्ट उन्हाळ्याची. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा भर दुपारचे काम सकाळी उरकणे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे, एवढ्याने जीव वाचतात. हे ज्ञान सोपे आहे. पण मळभ दाटून आल्यावर किंवा ऊन डोक्यात गेल्यावर ते शिकता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू लागणे म्हणतात ते हेच.

राज्यकर्त्यांनाही हा धडा दुःखातूनच मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर महाराष्ट्राने संकटांना तोंड देण्याची योजना आखली आणि नियंत्रण कक्ष उभारले. पुढे २००५ साली देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. आता प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते, आणि १०७७ या क्रमांकावर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाशी बोलता येते. ओरिसाचे उदाहरण तर सर्वांनी ध्यानात ठेवावे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१९ साली ‘फनी’ हे तसेच प्रचंड वादळ आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसे आधीच सुरक्षित जागी हलवण्यात आली आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळ तितकेच क्रूर होते. मधल्या वीस वर्षांत माणसे शहाणी झाली होती.

आणि हे शहाणपण नेहमी यंत्रांतच असते असे नाही. जपानच्या किनाऱ्यावर अनेयोशी नावाचे एक खेडे आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तेथील लोकांनी एक शिळा उभी केली आणि तिच्या खाली घरे बांधू नयेत, असे तीवर कोरून ठेवले. पुढच्या पिढ्यांनी ते मानले. २०११ साली समुद्र पुन्हा उठला आणि त्या शिळेच्या खालीच थांबला. वरची घरे सुरक्षित राहिली. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर तर शिळाही नव्हती. तेथे १९०७ च्या लाटेची आठवण आजीआजोबांनी गोष्टींतून आणि गाण्यांतून नातवंडांना दिली होती : जमीन हादरली आणि समुद्र मागे सरला, की डोंगराकडे धावा. २००४ च्या डिसेंबरात आसपासच्या प्रदेशांत लाखो माणसे बुडाली, तेव्हा त्या बेटावर बळी पडलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दगडावर कोरलेले असो की गाण्यात गुंफलेले असो, जे पुढच्या पिढीच्या हाती पोचते तेच संकटाच्या वेळी कामास येते.

२०२२ च्या जुलैत वणेच्या काठी हिंगणघाट आणि समुद्रपूर या तालुक्यांत पुन्हा घरांत पाणी शिरले, तेव्हा मी सेवानिवृत्त झालो होतो. आता नद्यांवर धरणे आहेत. निम्न वर्धा प्रकल्पाची दारे उघडण्यापूर्वी खालच्या गावांना इशारा मिळतो. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर येतात. हे सर्व स्वागतार्हच आहे. पण इशारा आल्यावर कोणी कोठे जावयाचे, अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला कोणी उचलावयाचे आणि दार कोणी उघडावयाचे, हे कोणताही मोबाइल सांगू शकत नाही. ते गावाने आधी ठरवावे लागते, आणि पाऊस नसतानाच ठरवावे लागते.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला एक काम सांगतो. ते सोपे आहे, आणि आजच्या सुटीत करता येण्याजोगे आहे. तुमच्या गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा आणि विचारा : पाणी कोठवर आले होते? तोंडी उत्तरावर थांबू नका. हाताने दाखवावयास सांगा. त्या जागी रेघ काढा, आणि रेघेशेजारी वर्ष लिहा, म्हणजे पुढे कोणी तिला डाग समजून पुसणार नाही. मग रेघेखाली कोण राहते ते पाहा. तुमचे घर रेघेखाली असेल, तर पावसाळ्यापूर्वी आपल्या वाटेची आणि आसऱ्याच्या घराची चौकशी करा. आणि तुमचे घर रेघेच्या वर असेल, तर खाली जाऊन एखाद्या घराला सांगून या, की पाणी आले तर आमच्याकडे या. ओसरीपर्यंत नव्हे, चुलीपर्यंत.